शिकायला पुण्यात, मतदान धारूर तालुक्यात: नाव हलवू का?

बालाघाटची:

नमस्कार. माझं गाव बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात. पुण्यात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. सोबत एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेचा अभ्यास चालू आहे. नवी पेठेत कॉट बेसिसवर राहते. मतदार यादीत नाव अजून गावाला आहे. ते पुण्यात आणावं की तिथंच ठेवावं, हे मला ठरवायचं आहे. फॉर्म कोणता हे तर सांगाच, पण त्याआधी माझ्या मनात काय चाललंय ते सविस्तर लिहिते. लांबण लागेल, पण पूर्ण वाचून सांगा.

वर्षातले बहुतेक दिवस मी पुण्यात असते. इथलं पाणी पिते, इथल्या पीएमपीनं फिरते. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले, तेव्हा आमच्या मेसवालीनं महिनाभर पाणी उकळून दिलं आणि गॅस परवडत नाही म्हणून नंतर बंद केलं. याबद्दल विचारायला नगरसेवक शोधावा, तर नगरसेवकच नव्हते. पुणे महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि मी इथं आले तेव्हा सगळा कारभार प्रशासकाच्या हातात होता. आमच्या जिल्हा परिषदेचीही तीच गत. म्हणजे ज्या वयात मी पहिल्यांदा मतदार झाले, त्या वयात माझ्या दोन्ही पत्त्यांवर स्थानिक प्रतिनिधी नव्हता. राज्यशास्त्राच्या पेपरात पंचायती आणि महापालिकांना घटनेत स्थान देणारी ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती लिहिताना हे आठवतं आणि पेन अडखळतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्यसेवा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हा शास्त्री रस्त्यावर मुलं रात्र-रात्र बसली होती. मीही होते. सगळ्या पक्षांचे लोक येऊन गेले. लोकसेवा आयोगानं परीक्षा पुढे ढकलली. तेव्हा शेजारी बसलेल्यांना मी विचारत होते, तुमचं मतदान कुठे? यवतमाळ, परभणी, नंदुरबार, सांगोला. पुण्याच्या यादीत नाव असलेलं आमच्या घोळक्यात कुणीच नव्हतं. दरमहा भाडं, मेस, अभ्यासिका यांवर या पेठा चालतात, ते पैसे देणारी मुलं इथली मतदारच नाहीत. मग आमच्या भाड्याचं, आमच्या पाण्याचं, एकेका खोलीत पाच-पाच कॉट टाकण्याचं ओझं कोण आणि का डोक्यावर घेईल?

आता दुसरी बाजू. माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. दोघं मिळून एक कोयता. आण्णा तोडतात, माय मोळ्या बांधते, आणि ट्रक रात्री आला तर रात्री भरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. दिवाळी झाली की टोळी निघते आणि उन्हाळा लागला की परतते. २०२४ ची लोकसभा १३ मेला होती, तेव्हा सगळे गावात होते. मी वाकडेवाडीहून अर्ध्या तिकिटात एसटीनं गेले. मायनं मतदार चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवली होती. मतदान झाल्यावरही ती पिशवीत परत ठेवली. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, आपलं नाव हाय याचा कागद हाय त्यो.

त्या निवडणुकीत बीडची जागा ६,५५३ मतांनी ठरली. एवढ्या मोठ्या मतदारसंघात एवढाच फरक. आमच्या डोंगरपट्ट्यातली चार-दोन गावं इकडची तिकडे झाली असती तर निकाल फिरला असता.

पण सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान झालं तेव्हा माय आणि आण्णा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फडात होते. गाळप १५ तारखेपासून सुरू झालं होतं. मी गावी जाऊन मत दिलं आणि कुलूप लावलेल्या घराच्या ओट्यावर बसून त्यांना फोन केला. माय म्हणाली, गाडी भरायची हाय, नंतर बोलते. त्या दिवशी आमच्या वस्तीतली निम्म्याहून जास्त दारं बंद होती. मला याचा राग आहे आणि तो उमेदवारांपेक्षा व्यवस्थेवर जास्त आहे. गाळप हंगाम सरकार ठरवतं, निवडणुकीची तारीख आयोग ठरवतो, आणि दोन्ही ठरवताना ऊसतोड कामगार कुठे असेल हे सगळ्यांना माहीत असतं.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहिणं सोपं नाही. मेसला कुणी नवीन आलं आणि मी बीड म्हणाले, की पुढचा प्रश्न आडनावाचा असतो. आडनाव कळलं की समोरचा मनातल्या मनात ठरवून टाकतो, माझ्या घरानं कुणाला मत दिलं असेल. शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण लोकसभेच्या निकालानंतर वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून गेली. तिच्या घरचे आमच्या गल्लीतल्या दुकानात येईनासे झाले. आरक्षणाच्या वादातल्या दोन्ही बाजूंची मुलं माझ्या अभ्यासिकेत एकाच पदासाठी तेच पुस्तक वाचतात, दोघांच्याही घरी कापसाला आणि सोयाबीनला भाव नाही. आरक्षणाचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. पण शेती तोट्यात आणि नोकऱ्या मोजक्या, हे मूळ दुखणं कुठल्याच सभेत कुणी धरून बसलं नाही. कधी कधी वाटतं, नाव पुण्यात आणलं तर या सगळ्यातून सुटका होईल. मग वाटतं, सुटका करून घेणं हे मतदाराचं काम आहे का?

आण्णांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, नाव काढलं की गावात आपलं घर उठलं. त्यांची भीती वेगळी आहे. २०२५ ला बिहारमध्ये प्रारूप यादीतून ६५ लाख नावं गेली, त्यातली बरीच ‘कायमचे स्थलांतरित’ किंवा पत्त्यावर न सापडलेले म्हणून. आमचं घर सहा महिने कुलूपबंद असतं. कुणी तपासायला आलं आणि दार बंद दिसलं, तर?

जाणकारांनी सांगावं.

यादीवाले मास्तर:

ताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे आणि बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं, काम करतो, म्हणून आधी नियमाचं सांगतो.

नाव हलवायचं ठरवलंस तर नमुना ८ भर. नमुना ६ परत भरू नकोस, तो नवीन मतदारासाठी असतो. पुष्कळ मुलं पुण्यात येऊन नवीन ६ भरतात आणि दोन ठिकाणी नावं होतात. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १७ आणि १८ प्रमाणे एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी आणि एकदाच हवं. खोटं निवेदन दिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नमुना ८ मंजूर झाला की गावचं नाव तिकडून कमी होतं, वेगळा अर्ज लागत नाही.

विद्यार्थ्याला दोन्ही पर्याय मोकळे आहेत, मूळ गाव किंवा वसतिगृहाचा पत्ता. मात्र अभ्यासक्रम मान्यताप्राप्त विद्यापीठाचा किंवा मंडळाचा आणि निदान एक वर्षाचा पाहिजे. तुझं बी.ए. त्यात बसतं. प्राचार्यांचं बोनाफाईड जोडायचं. नुसत्या क्लासला आलेल्या मुलांना बोनाफाईडचा मार्ग नाही, त्यांनी भाडेकरार वगैरे देऊन सर्वसाधारण रहिवासी म्हणून अर्ज करावा. कॉट बेसिसवाले मालक करार करून देत नाहीत हे मलाही माहीत आहे. कागद नसला तरी अर्ज थेट फेटाळत नाहीत, बीएलओनं जागेवर जाऊन खात्री करायची असते. निवडणूक लागल्यावर धावपळ करू नकोस. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी तुझा अर्ज गेलेला हवा.

आता तुझ्या आण्णांच्या भीतीचं. हे नीट वाच आणि त्यांना वाचून दाखव. त्याच कायद्याच्या कलम २० च्या पोटकलम १अ मध्ये स्पष्ट आहे की माणूस तात्पुरता बाहेर गेला, एवढ्यावरून तो तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. ऊसतोड ही तात्पुरतीच अनुपस्थिती आहे. नाव कमी करण्याआधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. पण नोटीस कुलपाला चिकटवली आणि माणूस फडात असला तर उपयोग काय, हेही खरं. म्हणून मी माझ्या भागात एक करतो. टोळ्या निघायच्या आधी वस्तीवर जातो, कोण कोण चाललंय ते लिहून घेतो, प्रत्येक घराचा एक चालू मोबाइल नंबर यादीच्या माझ्या प्रतीवर टिपतो. तुमच्या बीएलओला हे करायला सांग. अंगणवाडीताई असतील तर त्यांना घरं तोंडपाठ असतात.

नारायणपेठकर काकू:

बाळ, पुण्यात ये. म्हणजे नाव घेऊन ये.

मी या पेठांत पन्नास वर्षं राहते आहे. जुने लोक कोथरूडला, बाणेरला गेले, वाडे पडले, इमारती झाल्या आणि त्यांत तुम्ही मुलं आलात. मतदानाच्या दिवशी आमच्या केंद्रावर सगळी पिकलेली डोकी. २०२४ च्या लोकसभेला पुण्यात मतदान ५३-५४ टक्क्यांच्या आसपास झालं, तुमच्या बीडला सत्तरच्या वर. तुमच्यासारखी मतदानाची सवय असलेली मुलं इथल्या यादीत आली तर इथल्या उमेदवारांना वसतिगृह, मेसची तपासणी, अभ्यासिकांतली आगीची सोय यावर बोलावं लागेल. आत्ता कुणी बोलत नाही, कारण गरजच नाही.

आमच्या शेजारच्या इमारतीत एका मजल्यावर वीसेक मुली राहतात. जिना एकच, आणि त्यातही चपलांचे रॅक. मी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला तेव्हा तिथला माणूस मला म्हणाला, आजी, त्या मुलींची तक्रार नाही, तुम्हाला काय त्रास? त्या मुली तक्रार करत नाहीत, कारण मालक दुसऱ्या दिवशी खोली सोडायला सांगेल. मतदार असत्या तर निदान कुणीतरी त्यांच्या दारात हात जोडून आलं असतं.

मांजराकाठ:

काकूंचं म्हणणं पटतं, तरी मी उलट सांगेन. मी लातूर जिल्ह्यातला, हिंजवडीत नोकरीला. नाव गावातच ठेवलंय.

लोकसभा-विधानसभेपुरता विचार केला तर पुणे ठीक. पण ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेसाठी वेगळी यादी नसते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेऊन तिचे प्रभाग पाडतो. नाव पुण्यात गेलं की ग्रामपंचायतीचं मतही गेलं, आणि तिथं उभं राहायचा हक्कही गेला. ग्रामपंचायतीला उमेदवाराचं वय २१ पुरतं आणि निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तू राज्यशास्त्र शिकतेस, घरातलं माणूस फडावर जातं, रोजगार हमीची कामं कधी निघायला हवीत हे तुला कळतं. तुझ्यासारखी मुलगी यादीतून गेली तर त्या राखीव जागेवर कुणाची तरी बायको किंवा सून उभी राहील आणि सही मागं बसलेला माणूस सांगेल तशी होईल. हे मी आमच्या गावात पाहिलंय.

आमच्याकडे प्रभागातली जागा पाच-दहा मतांवर जाते. त्यामुळे निवडणूक आली की पुण्यातल्या प्रत्येक गावकऱ्याला फोन येतात, गाडी पाठवतो म्हणून. मी त्या गाडीत बसत नाही, स्वतःच्या खर्चानं जातो. लोकसभा-विधानसभेला तर मतदारांना गाड्यांनी आणणं हा कायद्यानं भ्रष्ट मार्गच आहे, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडीतून गेलेल्या माणसाला नंतर सरपंचाकडे हिशोब मागता येत नाही.

आणि जातीच्या वादातून सुटका म्हणशील, तर पुण्यातही आडनाव विचारतातच. खोली भाड्यानं घेताना काय काय विचारलं होतं आठव.

बालाघाटची:

मास्तर, कलम २० चं आण्णांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मनापासून आभार.

काकू, तुमच्या शेजारच्या मुलींचं वाचून खरंच बरं वाटलं की कुणीतरी अर्ज दिला. आमच्या इमारतीत आम्ही मुली सही करायला तयार आहोत. अर्ज कोणत्या खात्याकडे करायचा ते सांगाल का? मालकाचं नाव न घेता फक्त जिन्याबद्दल लिहू.

मांजराकाठ दादा, ग्रामपंचायतीची यादी वेगळी नसते हे मला पाठ होतं, पण नाव हलवताना त्याचा अर्थ काय होतो इकडे लक्ष गेलं नव्हतं.

माझा एक प्रश्न मात्र तसाच राहिला. मला निवडायला दोन पत्ते आहेत. माय-आण्णांना एकच आहे आणि मतदानाच्या दिवशी ते तिथं नसतात. त्यांच्यासाठी काही मार्ग आहे का?

पहिली पिढी अठराची:

मी १९८९ ला एकोणीस वर्षांचा होतो. त्या वर्षी २८ मार्चपासून ६१वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. नोव्हेंबरच्या लोकसभेला सोलापुरात मी पहिलं मत दिलं. आधीच्या वर्षी आम्हा कॉलेजच्या मुलांना सगळे सांगत होते, इतक्या पोरसवदा लोकांना कोण मत देऊ देईल. झालं की नाही? म्हणून ‘असा मार्ग नाही’ यावर थांबू नकोस.

आज काय आहे ते सांगतो. टपाली मतदान सैन्यातल्यांना, निवडणूक कामावरच्यांना, ८५ च्या पुढच्या वृद्धांना, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना आणि ठरवून दिलेल्या अत्यावश्यक सेवांना मिळतं. स्थलांतरित मजूर त्यात नाही. पण काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास केंद्रं लावली जातात, म्हणजे मतदारसंघाबाहेर बसून आपल्या मतदारसंघाला मत देणं या देशात अशक्य नाही. २०२२ च्या डिसेंबरात आयोगानं दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव आणला. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. २०२३ च्या जानेवारीत पक्षांना दाखवायला बोलावलं. पक्षांच्या शंका निघाल्या, स्थलांतरित म्हणजे नेमका कोण, परक्या राज्यात आमचे मतदान प्रतिनिधी कसे बसणार, आणि काम तिथंच अडलं. शंका बिनबुडाच्या नव्हत्या. पण त्यांची उत्तरं शोधायची निकड कुठल्याच मोठ्या पक्षाला वाटली नाही, याचं मला दुःख आहे.

ऊसतोडीच्या बाबतीत तर यंत्रही नको. हंगामाची तारीख राज्याच्या हातात आहे. मतदानानंतर मोळी टाका, म्हणजे गाळप सुरू करा, एवढंच.

फडावर वाढलेला:

काका, शेवटचं वाक्य इतकं सोपं नाही. आम्हीही बीडचेच. हंगाम उशिरा सुरू झाला तर दिवस कमी पडतात, उचल फिटत नाही आणि ती पुढच्या वर्षावर जाते. २०२४ च्या जानेवारीत तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली खरी, पण दर टनावर आहे, दिवस बुडाला की पैसे बुडाले. विधानसभेच्या वेळी हंगाम पुढं ढकला म्हणणारे होते, त्यात आमच्यातलेच काही नको म्हणत होते.

मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्यात आहे, त्याच १९५१ च्या कायद्याचं कलम १३५ब, रोजंदारीवाल्यालाही. पण फडातल्या माणसाचा मालक कोण? कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो कारखाना. ताई, खरी गाठ इथं आहे. कारखान्यावर जबाबदारी टाकली, एक दिवस तोड बंद आणि जाण्या-येण्याचं भाडं कारखान्याकडून, तर त्या दिवशी सगळं बीड गावात दिसेल. दुपारी अडीचशे किलोमीटर जाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी परत कोयता हातात घ्यायलाही आमचे लोक तयार होतील.

बालाघाटची:

दादा, हे फार मोलाचं सांगितलंत. आमच्या घरीही उचल मागच्या वर्षावरून पुढे आलेली आहे, त्यामुळे हंगाम लांबवा म्हणायला माझीही जीभ रेटली नसती. एक दिवस तोड बंद आणि भाडं कारखान्याचं, ही मागणी मला पटली.

मी ठरवलं. पदवी होईपर्यंत आणि गावची ग्रामपंचायत निवडणूक होईपर्यंत नाव हलवत नाही. काकू, रागावू नका. तुमच्या म्हणण्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि माझी रूममेट, जी पुण्यातच नोकरी करून राहणार आहे, ती तुमचं वाचून नमुना ८ भरते आहे. जिन्याच्या अर्जावर मात्र माझी सही पहिली असेल, त्याला मतदार असावं लागत नाही. पण माय-आण्णा ज्या दिवशी गावात नसतात, त्या दिवशी त्यांच्या बाजूनं विचारणारं कुणीतरी त्याच यादीत असायला हवं, असं मला वाटतं. शाळेतल्या त्या मैत्रिणीलाही मी फोन केला. ती बोलली. जास्त नाही, पण बोलली.

१ मेच्या ग्रामसभेला टोळ्या परतलेल्या असतात. २६ जानेवारीच्या सभेला आमची वस्ती कधीच नसते, म्हणून जे करायचं ते १ मेलाच. दोन ठराव मांडायचे आहेत. एक, टोळ्या निघायच्या आधी बीएलओ आणि ग्रामसेवकांनी वस्तीवर बसून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक घराची नोंद मोबाइल नंबरसह घ्यावी आणि त्याची प्रत तहसीलच्या निवडणूक शाखेत द्यावी. दोन, मतदानाच्या दिवशी तोड बंद ठेवून भाड्याची जबाबदारी कारखान्यांवर टाकावी, अशी शिफारस जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य सरकारला आणि आयोगाला जावी.

मास्तर, पहिल्या ठरावाचा मसुदा उद्या इथंच टाकते. कलमांचे आकडे आणि भाषा तपासून द्याल का? आणि फडावर वाढलेले दादा, तुमच्या तालुक्यातली दोन-तीन गावं हाच ठराव त्याच दिवशी करतील का, ते विचारून सांगा.